तीन वाकडी बोटं

"ढकलायचं नाही. समोरच्याच्या छातीवर तळवा नुसता टेकवायचा," 'ताई ची' हा संथ चिनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि बागेत जमलेल्या म्हाताऱ्यांच्या जोड्या लावल्या.

निवृत्त हवालदार ढमाल्यांना हसू आलं. याच तळव्याने त्यांनी कोठडीत कितीजणांच्या कानाचे पडदे फाडले होते. पण बायपासनंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एवढाच व्यायाम झेपेल.

जोडीदाराने उजवा हात पुढे केला. त्याची तीन बोटं वाकडी होती, मिटत नव्हती. ढमाल्यांनी ती लगेच ओळखली. सोनाराकडची चोरी कबूल करावी म्हणून ती बोटं त्यांनीच टेबलावर दाबून धरली होती आणि दंडुक्याने एकेक करून मोडली होती. तिसऱ्या बोटाला तो कबूल झाला. आठवड्याने खरा चोर सापडला, तेव्हा चहा पाजून याला घरी पाठवून दिलं होतं.

वाकडी बोटं सावकाश पुढे आली आणि छातीवरच्या टाक्यांच्या वणावर थांबली. एक जोराचा दणका बसला असता, तर खेळ खलास होता. ढमाल्यांनी डोळे गच्च मिटले.

"श्वास घ्या, साहेब," तो हलकेच म्हणाला. "त्या दिवशी तुम्हाला फार घाई होती. मला नाही. मी रोज येणार आहे."

हात आला तसाच अलगद मागे गेला.

"आता दुसऱ्याची पाळी," बाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदाच ढमाल्यांचा हात काही केल्या उठेना.