भेसळ

जनवाड्याच्या सरकारी शेतावर मैत्रेयी तीन दिवसांनी आली, तेव्हा साळीचे सव्वीसही वाफे एकसारखे दिसत होते. ती बांधावरच थबकली.

“बघा मॅडम,” गुरुबाई पदराला हात पुसत पुढं आली. अकरा बायांची ती मुकादम. “दोन दिस लागले. सगळी भेसळ काढली. एक रोप उंच न्हाई, एक बुटकं न्हाई.”

बांधाच्या कडेनं उपटलेल्या रोपांचे ढीग पडले होते. मुळांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. मैत्रेयी खाली बसली. एका लोंबीतला दाणा तिनं नखानं दाबला. दूध आलं. दुसरा दाबला, तिसरा दाबला. सगळे कच्चे. यातलं काही उगवणार नव्हतं.

“कुणी सांगितलं काढायला?”

“महेशकुमार सरांनी. शुक्रवारी पाहुणे येणार हाईत, वाफे साफ दिसले पायजेत म्हनले. आन् गेल्या साली एका कंपनीच्या बियाण्याच्या शेतात आमाला हेच शिकवलं. येगळं दिसलं की मुळासकट काढायचं. कामून? चुकलं काय?”

मैत्रेयीनं शेताच्या व्यवस्थापकांना, महेशकुमारांना फोन लावला. “अहो, सगळं उभंच आहे की,” ते म्हणाले. “चार रोपं गेली तर काय बिघडलं?” आणि मीटिंगमध्ये असल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला.

तिला ओरडायचं होतं. पण समोर उभ्या बाया दोन दिवस उन्हात वाकून राबल्या होत्या, आणि काम अगदी चोख केलं होतं. कलबुर्गीला जाताना तिनं पाण्याचं सांगितलं होतं, उंदरांचं सांगितलं होतं. हे सांगावं लागेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“गुरुबाई, ही भेसळ नव्हती. एकेका वाफ्यात एकेका गावाचं जुनं बियाणं आहे. दोन वर्षं फिरून मूठमूठ आणलं, ते सगळं इथंच पेरलं. ते असं मिसळलेलंच असतं. तसंच वाढवून, वाळवून थंड खोलीत जपायचं होतं. पुढं संशोधनाला लागेल म्हणून.”

गुरुबाई ढिगाकडं बघत राहिली. “मग आदी सांगायचं की मॅडम,” ती हळू आवाजात म्हणाली. मग मागं वळून तिनं बायांना हाक मारली. सगळ्या ढिगाभोवती बसल्या आणि एखादा तरी भरलेला दाणा सापडतो का, ते चाचपू लागल्या.

मैत्रेयीनं वही काढली. जिथून बियाणं आणलं, तिथं थोडं तरी उरलं असेल. औरादकडचा पहिला नंबर बंद होता. दुसऱ्यानं सांगितलं, आता सगळा ऊस आहे. तिसरा नंबर आळंदजवळच्या सिद्धलिंगप्पांचा.

“बोला बाई!” म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत होता. “कशी हाय आमची साळ?”

“अप्पा, तुमच्याकडं तिचं बी उरलंय का? मूठभर तरी?”

“न्हाई की. तुमी नेलं, म्हनून मी यंदा सोयाबीन टाकलो. आता काय, सरकारच्या घरात हाय. लागलं की मागून आणू.” ते हसले. “ते असू द्या. काळ्या कुसळाची निघाली का त्यात? थोडीच असतीय ती. पण पाऊस लांबला की तीच तग धरतीय.”

मैत्रेयीनं ढिगाकडं पाहिलं. गुरुबाईच्या हातात तसलीच एक लोंबी होती. तिनंही मान वर केली.

“निघाली होती, अप्पा. आम्ही उपटली.”

 

“कामून?” अप्पांनी विचारलं.

“वेगळी दिसत होती म्हणून.”



“येगळीच होती की ती,” ते म्हणाले.