नुसतं 'अवं'

बुरुजाची शेवटची पायरी चढून झुंबरबाई खिडकीशी आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि नवऱ्याचं नाव ओठावर येऊन अडलं होतं. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते कधी घेतलंच नव्हतं.

खाली कृष्णा वाहत होती. जुन्या राजवटीत या बुरुजात कैदी कोंडायचे. आत गेलेला जिवंत बाहेर आला, असं क्वचितच घडे. आता नदीकाठची माणसं सांगतात, हरवलेल्याचं नाव घेऊन इथून हाक मारली की तो परततो. तेवढ्यासाठी ही बाई राधानगरीहून दोन एस.टी. बदलून शिरोळला आली होती.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. आमटीत मीठ जास्त झालं, एवढ्यावरून भांडण पेटलं आणि जोतीराम पिशवी उचलून निघाला. ही स्टँडपर्यंत धावली. तो गाडीत चढत होता.

"अवं, थांबा की!"

सात-आठ पुरुषांनी वळून पाहिलं. तो तेवढा वळला नाही. मेली ती रीत. नाव घेतलं असतं तर वळला असता, असं चौदा वर्षं ती स्वतःला बोल लावत होती, आणि रोज सकाळी कुंकू ठसठशीत लावत होती.

"मारा की हाक, मावशी," बुरुजाचा रखवालदार गुंडू म्हणाला. "लाजू नगासा. त्या बायकाबी लाजायच्याच."

"कुठल्या?"

"कैद्यांच्या. खाली घाटावर येऊन हुब्या ऱ्हायच्या. नाव कशा घेतील? नुसतं अवं म्हणायच्या."

झुंबरबाईला भडभडून आलं. "मग सगळंच खिडकीकडं धावत असतील बिचारं."

"न्हाय वं. माझा आजा हितंच पहाऱ्याला हुता. सांगायचा, एका कोठडीत चाळीस माणसं, पर अवं ऐकू आलं की ज्याचा त्योच उठायचा. बाकीचं वाट द्यायचं. आपल्या बायकूचं अवं वळखू येत न्हाय व्हय?"

झुंबरबाईनं खिडकीचा गज धरला. ओठावरचं नाव तिनं गिळलं. गुंडू हाकेची वाट बघत उभाच होता.

ती हळूच म्हणाली, "म्हंजी, ऐकलं हुतं की त्यांनी."