बाळकृष्णाचे डोळे
इंग्रज सरकारचे तपासनीस सांबशिवराव तंजावुरातल्या प्राथमिक शाळेत चित्रकलेचा तास पाहायला बूट वाजवत शिरले. गोलाई शिकवायला रघोजीमास्तरांनी फळ्यावर लोण्याचं मडकं कवटाळलेला बाळकृष्ण काढला होता. डोळे मात्र मुद्दाम कोरे सोडले होते. त्यांच्या चितारी घराण्यात डोळे शेवटी, मुहूर्त पाहूनच रंगवत. डोळे उघडले की चित्राचा देव होतो, हे पोरांनाही ठाऊक होतं. “अर्धवटच ठेवलंत?” म्हणत साहेबांनी खडूनं दोन बुबुळं टेकवली. अख्खा वर्ग हात जोडून उभा राहिला. “आता पुसा. सरकारी पुस्तकातल्या पेटीचं चित्र काढा.” मास्तरांचा हात उचलेना. “नोकरी गेली तरी माझ्याच्यानं व्हायचं नाही, साहेब.” संतापलेले साहेब फडकं घेऊन फळ्याकडे वळले आणि थिजले. बाळकृष्ण त्यांच्याकडेच बघत होता. ते वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.