डोळे मिटून

“काका, डोळे मिटा. ज्या बोटाला कापूस लागेल, त्याचं नाव सांगा,” फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या.

सलूनवाल्याने डोळे मिटले, म्हणजे मिटल्यासारखे केले. मानेचे मणके झिजून शीर दबलेली, त्यामुळे डावा हात बधिर. सहा आठवडे शेक झाला, वजन लावून मान ताणून झाली, व्यायाम झाला. आज बोटांना स्पर्श कळला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा हा गडी, पण आपल्या मानेला कुणी पातं लावणार म्हटल्यावर पार हबकला होता.

समोर भिंतभर आरसा होता, पेशंटला आपली मान सरळ आहे का ते दिसावं म्हणून. तीस वर्षं आरशात बघून लोकांचे केस कापलेले. त्याला पापण्यांची एवढीशी फट पुरे झाली.

“अंगठा,” तो म्हणाला. “करंगळी. आता अंगठ्याशेजारचं.”

एकही चुकलं नाही. कोपऱ्यात पिशवी छातीशी धरून बसलेल्या बायकोच्या जिवात जीव आला. ऑपरेशनची गरज नाही, असं मॅडमनी सांगूनच टाकलं. व्यायाम सोडायचा नाही, उशी पातळ घ्यायची, आणि दुकान उघडायला काही हरकत नाही.

“माझे सासरे तुमच्यासाठी दाढी वाढवून बसलेत,” मॅडम हसून म्हणाल्या. “उद्या सकाळीच पाठवते.”

त्या सासऱ्यांना तो चांगला ओळखत होता. ऐंशीच्या पुढचे, खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढणारे. गळ्याची कातडी अगदी सैल. ती डाव्या हाताच्या बोटांनी ताणून धरायची आणि मगच वस्तरा उतरवायचा. कातडी किती ताणली, कुठे निसटली, ते त्या बोटांनाच कळतं. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तो जागचा उठला नाही. बायको तर चपला घालायलाही लागली होती.

“मॅडम, परत एकदा घ्या,” तो खाली बघत म्हणाला. “मघाशी मी आरशात बघत होतो.”

बायको एक चप्पल पायात घालून तशीच उभी राहिली. मॅडमनी नवा कापूस घेतला. या वेळी त्याने डोळे घट्ट मिटले, हात पुढे धरला आणि सगळं लक्ष बोटांत आणून वाट बघू लागला. पंखा घरघरत होता. बाकी कसलाच आवाज नव्हता.

“करा ना सुरू,” शेवटी तो म्हणाला.

“काका,” मॅडम हळूच म्हणाल्या, “तीन बोटं झाली.”