टवका

जोतिबा हवालदारानं बंदूक खांद्याला लावली, तसं बेळगावच्या कॅम्पातलं अख्खं मैदान गप झालं.

लंका, ब्रह्मदेश, आफ्रिका, कुठकुठले नेमबाज साहेब हरून मांडवात जाऊन बसले होते. उरले होते दोघंच. एक विलायतेचा कॅप्टन, आणि दुसरा हा उचगावचा जोतिबा, हिंदुस्थानच्या संघातला एकटाच देशी माणूस. दोघं बरोबरीत होते. कॅप्टननं यंत्रानं उडवलेली आपली शेवटची बशी आत्ताच हवेत फोडली होती. जोतिबाची राहिली होती. ती फुटली तर करंडकावर दोघांची नावं कोरायची. नाही फुटली तर एकट्या कॅप्टनचं.

साहेबांच्या बश्या डांबरासारख्या काळ्या, बोटीनं यायच्या. यंदा त्यातल्या निम्म्या वाटेतच फुटल्या. कमी पडायला नकोत म्हणून कॅम्पला माल पुरवणाऱ्या आप्पाण्णानं खानापूरच्या भावकू कुंभाराकडनं टोपलीभर बश्या करून घेतल्या होत्या. काळ्या बश्या कॅप्टनच्या बारापाशी संपल्या. आता टोपलीवरचं फडकं निघालं.

"आण्णा, माजी बशी!" दोरीपाशी उभ्या असलेल्या भावकूनं आप्पाण्णाचा दंड धरला. सकाळीच जोतिबानं टोपलीत डोकावून बघितलं होतं. "मामा, तुमची एक तरी माझ्या वाटणीला येऊ द्या," म्हणाला होता. "विलायतेची माती लई फोडली. आपली फोडून बगू."

"पुल!" बशी सोडायचा इशारा देत जोतिबा ओरडला.

खंदकातल्या माणसानं यंत्राची कळ ओढली. लाल बशी उन्हात वर गेली. बार झाला. घंटेवर खडा बसावा तसा टण्ण असा आवाज सगळ्यांनी ऐकला. बशी हवेत कोलमडली आणि अख्खीच्या अख्खी गवतात येऊन पडली.

भावकूला हसूच फुटलं. "न्हाय फुटली! आण्णा, बगितलंसा? बंदुकीला सुद्दा न्हाय फुटली!"

"गप रं!" आप्पाण्णा दातओठ खात म्हणाला.

पंच साहेबानं हात आडवा केला. "लॉस्ट!"

"म्हंजे?"

"म्हंजे गेला तुझा जोतिबा. फुटल्याबिगर धरत न्हाईत. काय सांगितलतं मी तुला? कच्ची भाज म्हणून सांगितलतं का न्हाय?"

सांगितलं होतं खरं. पण कच्चा माल घराबाहेर काढायला भावकूचा हात धजला नव्हता. साहेबलोकांपुढं जायच्या म्हणून उलट जास्तीचं जळण घालून त्यानं त्या बश्या भाजल्या होत्या.

त्यानं जोतिबाकडं बघितलं. बंदूक अजून खांद्यालाच होती.

भावकू दोरीखालनं घुसला आणि गवतातनं धावत सुटला. बशी उपडी पडली होती. पाठीवर छर्रे बसल्याचे करडे ठिपके लख्ख दिसत होते. ती छातीशी धरून तो पंचापुढं गेला.

"लागल्यात, साहेब! ह्ये बगा. ह्यो एक, ह्यो दुसरा. नेम चुकलेला न्हाय त्येचा!"

आप्पाण्णा धापा टाकत मागनं आला आणि त्याचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबाला सांगू लागला. पंचानं बशी हातात घेतली, ठिपक्यांवरनं बोट फिरवलं, मान हलवली आणि काहीतरी बोलून ती परत दिली.

"लागल्यात हे त्येला बी दिसतंय," आप्पाण्णा म्हणाला. "पर टवका उडायला पायजे म्हणतोय. नखाएवढा जरी उडाला असता, तरी धरला असता."

भावकू तिथंच गुडघ्यावर बसला आणि गवत चाचपू लागला. नखाएवढा तुकडा. तांदळाएवढा. काहीच नव्हतं. मग त्यानं पंचाकडं पाठ केली, बशीच्या कडेवर अंगठा रोवला आणि सगळा जोर लावला. जन्मभर त्यानं आपल्या भांड्यांना कुणाला खोट काढू दिली नव्हती. आता तो देवाजवळ एक खोट मागत होता. कड हलली नाही. त्यानं पुन्हा जोर केला. घाम डोळ्यांत उतरला. कड हलली नाही.

"दुसरी उडवा की, साहेब," तो उठून म्हणाला. "माजी चूक हाय ही, त्येची न्हवं. दुसरी उडवा!"

पंच मांडवाकडं वळलासुद्धा होता. तिथं बँड सुरू झाला होता आणि टेबलावर चहा आला होता.

कॅप्टन मात्र मुद्दाम इकडं आला. जोतिबाचा हात हातात घेऊन त्यानं हलवला. मग भावकूच्या हातातली बशी घेतली, बोटाच्या पेरानं वाजवली, कानाजवळ नेऊन पुन्हा वाजवली आणि मोठ्यानं हसला. आप्पाण्णाचा जीव भांड्यात पडला.

"भावकू, साहेब खूश हाय तुझ्यावर! असलं काम बगितलं न्हवतं म्हणतोय. डझनभर करून दे. घरी न्यायच्यात, विलायतेला."

भावकूची नजर जोतिबाकडं गेली. जोतिबानं बंदूक उघडून रिकामं काडतूस काढलं, खिशात टाकलं आणि ताठ उभा राहिला, समोर बघत.

"करून द्या की, मामा," तो म्हणाला. "अशाच भाजा."

"अरं, नमस्कार तरी कर साहेबाला!" आप्पाण्णानं कोपरानं ढोसलं.

भावकूनं दोन्ही हात जोडून कपाळाला टेकवले. उजव्या अंगठ्याचं नख मुळातनं उलटलं होतं. हात खाली आले, तेव्हा कपाळावर रक्ताचं बोट उठलं होतं.