केशरची तयारी

नरेंद्रनं गाडी घराशी आणली नाही. कोपऱ्यावर, दुसऱ्याच कुणाच्या दारासमोर लावली आणि कोट हातावर घेऊन, टाय सैल करत तो चालत निघाला. सनीव्हेलच्या त्या गल्लीत भर दुपारी पायी चालणारा तो एकटाच होता. स्वतःच्या घरी चोरासारखं यावं लागतंय याचा त्याला राग येत होता, आणि मनातल्या मनात तो राग बायकोवर, पद्मजावर निघत होता.

आठवडाभर त्याला शंका छळत होती. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये कुत्रीच्या सरावासाठी आणलेली मेलेली कबुतरं होती, पिशव्यांत बांधलेली. तो पक्की गाठ मारायचा. आता तिथं सुरगाठ दिसत होती. मंगळवारी केशरच्या ओठाला पीस चिकटलेलं होतं, आणि मंगळवारी त्यानं पक्षी बाहेर काढलाच नव्हता. शिवाय केशर बिघडत चालली होती. दीड वर्षाची पिवळी लॅब्रेडॉर, पाण्यात बाणासारखी शिरायची, पक्षी अलगद तोंडात धरून धावत यायची, आणि त्याच्यापासून चार हातांवर टाकून द्यायची. शिकारी कुत्र्यांच्या पहिल्या परीक्षेत बाकी थोडंफार चुकलं तर चालतं. पण बंदुकीनं पाडलेला पक्षी मालकाच्या हातातच द्यावा लागतो. परीक्षा रविवारी होती.

मुलगी कॉलेजला गेल्यापासून घरात दोघंच. पद्मजा अंड्यालासुद्धा शिवत नसे. पहिलं कबुतर घरात आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मुक्या जिवाला हे कशाला शिकवता?" त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. तिचं हे गप्प बसणंच त्याला खटकत होतं.

कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीला त्यानं डोळा लावला.

धाड!

बंदुकीच्या आवाजाऐवजी पद्मजानं कुकरचं झाकण पत्र्याच्या डब्यावर आपटलं होतं. नायलॉनच्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात मुलीचे जुने स्नीकर्स, हातात भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे. दुसऱ्या हातातलं कबुतर तिनं तोंड फिरवून, कसंबसं लिंबाच्या झाडाकडे फेकलं. केशर तिच्या पायाशी बसून होती. हलली नाही.

"आण," पद्मजा म्हणाली.

केशर सुटली. पक्षी उचलून परत आली, समोर बसली, मान वर केली.

"दे."

केशरनं पक्षी मोज्यांत ठेवला. "शहाणी गं माझी," पद्मजा म्हणाली आणि तिनं पुन्हा झाकण उचललं.

नरेंद्रनं फाटक ढकललं. त्याला बघताच केशरचे कान मागे गेले, शेपूट खाली आली.

"किती दिवस चाललंय हे?"

पद्मजा दचकली, पण झाकण तिनं खाली ठेवलं नाही. "केशर ज्याच्याकडून आणली, त्या पेटालुमा गावच्या माणसाला तुम्ही फोन केलात तेव्हापासून. नापास झाली तर परत घेऊन जा, म्हणालात. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, लाडावून ठेवतेय."

तो आत्ता तेच म्हणणार होता.

"मला वाटलं, तू मुद्दाम बिघडवतेयस तिला."

"ठाऊक आहे. रोज फ्रीझर उघडून बघता ते दिसत नाही का मला?" ती म्हणाली. "तिचे कान बघा. तुम्ही आलात की असे होतात. पिळता ना तुम्ही?"

"सगळेच पिळतात. तसंच शिकवतात."

पद्मजानं पक्षी त्याच्या हातात दिला. त्यानं तो फेकला, केशरला सोडलं. केशर पक्षी घेऊन आली आणि चार हातांवर थांबली. "गिव्ह," तो म्हणाला. मग, जरा अवघडून, "दे." केशरनं पक्षी गवतावर टाकला आणि मान वळवली.

नरेंद्र पायरीवर बसला. हातातला कोट त्यानं मांडीवर घेतला, उगाच घडी घातली.

"रविवारी तूच उभी राहा तिच्यासोबत," तो शेवटी म्हणाला. "मालकीण उभी राहिली तरी चालतं."

"तिथं खरोखरचे मारतात ना? आपल्यासमोर?"

"हो."

"मी डोळे मिटून घेईन."

"मिटून चालणार नाही. कुठं पडला ते बघावं लागतं."

पद्मजानं मान डोलावली. मग तिनं विचारलं, "आणि पुरता मेला नसला तर? धुगधुगी असली तर?"

तसा पक्षी नरेंद्रनं सरावात एकदा बघितला होता. शिकवणाऱ्यानं तो कुत्र्याकडून घेतला होता आणि बोलता बोलता त्याची मान पिरगळली होती, गप्पा न थांबवता.

"तरी केशर तो तुझ्या हातात देईल," तो एवढंच म्हणाला.

मग पद्मजानं मोज्याचं एकेक बोट ओढत दोन्ही मोजे काढले, पायरीवर ठेवले. झाकण आणि डबा त्याच्यापुढं सरकवला.

"वाजवा."

त्यानं वाजवलं. गवतावरचा पक्षी तिनं नुसत्या हातानं उचलला आणि फेकला. या वेळी तोंड फिरवलं नाही. केशर गेली, आली, समोर बसली. पद्मजानं ओंजळ पुढं केली.

"दे."

पक्षी ओंजळीत आला. मान एका बाजूला कलंडलेली, पंखांवर केशरची लाळ. पद्मजा तो तसाच धरून उभी राहिली.

"हा गार आहे," ती म्हणाली. "रविवारचा नसेल."