ठणकावून

आईच्या छातीवर डॉक्टरांनी चकती चिकटवली. पेशंटने स्वतः ठणकावून हुकूम सोडला तरच ती चकती कॅन्सरच्या गाठीची वाढ थांबवते. पण आमची आई मांजरालाही अहो-जाहो करणारी. ती पुटपुटली, "जरा थांबता का?" चकतीवरचा दिवा लालच राहिला.

"अगं, गाठ आहे ती, पाहुणी नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून बाबा ओरडले, "माझे मोजे शोधून दे गं!"

सवयीने उठलेली आई पुन्हा खाली बसली. "नाही देणार. तुमचे तुम्ही शोधा."

दिवा हिरवा झाला.

बाबा दारात येऊन त्या दिव्याकडे बघत राहिले. मग मुद्दाम दरडावत म्हणाले, "बरं, मग माझ्या शर्टाला इस्त्री कर."